वरून तिसरं बटण

...नाही, पण मला सांगा, बटण असतं केवढं? नखाएवढं! चार भोकं, मधून दोरा, संपला विषय. आणि काज? बटणापेक्षा एक सूत मोठं. म्हणजे बटणानं काजातून पलीकडे जायचं हे ठरलेलंच आहे ना, त्याचा जन्मच त्यासाठी, त्यात माझ्याकडून लागतं काय, तर एक धक्का! आणि मी कोण? टेलर! चौतीस वर्षं याच दुकानात, याच मशीनवर. अख्ख्या गल्लीच्या अंगावर मी शिवलेलं काही ना काही आहे, आणि मी, तुम्हाला सांगतो, सकाळी सात वाजता दुकानामागच्या खोलीत उघड्या छातीनं उभा, आणि वरून तिसरं बटण... जातच नाही! वरची दोन नाही लावली तर लोक म्हणतात, मास्तर आज ऐटीत आहेत. खालची पँटीत खोचता येतात. पण तिसरं? बरोबर छातीवर! तिसरं उघडं टाकून माणूस बाहेर पडला ना, की लोक म्हणतात, याचं घरी काहीतरी बिनसलंय.

घरी! घरी आहे कोण बिनसायला?

तर झालं असं, की उजव्या हाताची बोटं दुखायला लागली, आधी मला वाटलं कात्रीमुळे असेल. जड कात्री, जाड कापड, होतं असं. मग डाव्या हाताचीही बोटं दुखायला लागली. आता डावा हात कात्री धरत नाही, तो नुसता कापडावर आडवा पडून असतो, आळशी आहे पहिल्यापासून, त्याला कशाचं दुखणं? पण दोन्हीकडे सारखं! उजवीकडच्या ज्या सांध्याला सूज, डावीकडच्या त्याच सांध्याला सूज, मापं घेऊन शिवल्यासारखी! सकाळी उठलं की बोटं म्हणजे पावसात भिजून वाळलेला चामड्याचा जोडा. वळायलाच तयार नाहीत. तास जातो, दीड तास जातो, मग कुठे बोटांच्या बाईसाहेब जरा हलतात. तोवर दार उघडायला कोपर, नळ सोडायला मनगट, पांघरूण बाजूला सारायचं तर पायानं. सर्कशीतसुद्धा एवढं करायला लावत नाहीत हो!

डॉक्टरबाईंकडे गेलो. रक्त काढलं, फोटो काढले, आणि बाई म्हणाल्या, "आमवात आहे."

म्हटलं, "आम? म्हणजे सगळ्या आम जनतेला होतो तो?"

बाई हसल्या नाहीत. बाईंना रोज शंभर माणसं विनोद सांगत असणार घाबरून. म्हणाल्या, "हे बघा, शरीरात एक पहारा असतो, बाहेरच्या रोगांशी लढणारा. तुमच्या बाबतीत तो चुकून तुमच्याच सांध्यांवर तुटून पडलाय."

म्हणजे काय म्हणायचं याला? वॉचमन चोराला सोडून मालकाला धोपटतोय! आणि मालकानं करायचं काय? आठवड्यातून एक दिवस गोळ्या. रोज नाही हं, आठवड्यातून एकच दिवस, चुकूनही रोज नाही, हे बाईंनी तीनदा बजावलं. आणि गुण कधी? "दोन महिने लागतील. तीनही लागतील." आणि तोवर? "तोवर सकाळी कोमट पाण्यात हात धरा, हाताला विश्रांती द्या, बारीक काम टाळा."

बारीक काम टाळा! टेलरला! म्हणजे माशाला सांगायचं, जरा कोरडा राहा!

मग कागदावर लिहितालिहिता बाईंनी विचारलं, "घरी मदतीला कोण कोण आहे?"

आणि मी, तुम्हाला सांगतो, का कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं, "आहेत की! चौघं आहोत!"

बाहेर जिन्यावर आल्यावर मोजले. मी, मशीन, इस्त्री, आणि दुकानातला पुतळा, ज्याच्या अंगावर कोट चढवून ठेवतो तो. त्याला डोकं नाहीये. पण माझी अक्कल बघता आमचं बरं जमतं.

बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी लांब आहे, दोन विमानं बदलून जावं लागतं एवढी लांब, दर रविवारी फोन करते. आणि गंमत काय सांगू, दुकानात बटणांचं खातं बायकोचं होतं. मी कापणार, मी टीप मारणार, काजं आणि बटणं ती करणार. दाराजवळच्या स्टुलावर बसायची, उजेडाकडे तोंड करून. आणि मी शहाणा, गिऱ्हाइकांपुढे म्हणायचो, "बटण लावायला काय अक्कल लागते!" ती दोरा दातानं तोडून म्हणायची, "एकदा लावून बघा." बघतोय ना आता! रोज सकाळी सात ते साडेआठ बघतोय!

बरं, दुखणं एक वेळ सोसतो माणूस. पण दुखतंय हे पटवायचं कसं? औषधांच्या दुकानात गेलो, दुकानदार चिठ्ठी वाचतो, माझ्या हाताकडे बघतो, म्हणतो, "एवढ्या गोळ्या? दिसत तर नाही हो काही!" समोरचा इस्त्रीवाला म्हणतो, "मास्तर, दिसत तर नाही काही! माझ्या मेव्हण्याचं बघा, पाय प्लॅस्टरमध्ये, सगळे भेटायला येतात." प्लॅस्टर! मला मत्सर वाटला हो त्या मेव्हण्याच्या पायाचा! त्यावर लोक सह्या करतात म्हणे! माझी सूज दहा वाजेपर्यंत निम्मी उतरते, दुकान उघडतं दहाला. दुखणं पण असं, की गिऱ्हाईक यायच्या वेळेला आत लपून बसतं!

म्हणून मग मी सांगणंच सोडलं. मुलीलाही नाही. व्हिडिओवर बोलायचं तर फोन रिळांच्या डब्याला टेकवून ठेवायचा, हात टेबलाखाली. "बाबा, कसे आहात?" "मजेत!" "हात कुठायत तुमचे?" "आहेत इथेच, जातात कुठे!"

आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, मशीन बिघडलंय. सोपं! माणूस बिघडला म्हटलं की लोक दुसरा टेलर बघतात, मशीन बिघडलं म्हटलं की थांबतात. महिनाभर थांबले लोक, अगदी अंगात येईनाशा पँटी घालून थांबले. पण आमच्या वकीलबाई आहेत ना, त्यांचा काळा कोट माझ्याकडे, अस्तर उसवलेलं. त्या कुठल्या थांबणाऱ्या! जन्म गेला तारखा घेण्यात, दुसऱ्यानं तारीख दिलेली त्यांना चालते होय? म्हणाल्या, "मास्तर, उद्या सकाळी मेकॅनिक पाठवते. माझ्या ओळखीचे आहेत."

दुसऱ्या दिवशी आठला शटर वाजलं. मी आत, शर्ट घातलेला, वरची दोन उघडी, तिसऱ्याशी झटापट चालू. तसाच गेलो, दोन्ही मनगटांनी शटर ढकललं, अर्धंच वर गेलं. खालून वाकून, हातात पेटी घेऊन आत आला कोण?

उस्ताद!

आता उस्ताद म्हणजे कोण, हे सांगायला पाहिजे. उस्ताद म्हणजे मशीन दुरुस्त करणारा, मागच्या रस्त्यावर राहतो, आणि सहा वर्षं आमचं बोलणं बंद! त्यानं एकदा मशीन दुरुस्त केलं, तीन दिवसांत दोरा तुटायला लागला, मी भर दुकानात पाच गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तुम्ही कसले उस्ताद, तुम्ही तर उसवताद!" लोक हसले. तो पेटी उचलून निघून गेला. बायको म्हणाली, "जा, माफी मागा." मी म्हणालो, "शब्द चांगला सुचला होता की!" नंतर कळलं, दोराच कुजका होता. पण तेव्हा माफी मागायला उशीर झाला होता, म्हणजे चार दिवस झाले होते, चार दिवसांची मग सहा वर्षं कधी झाली ते... असो.

उस्ताद माझ्याकडे बघतही नाही. मशीनकडे बघूनच विचारतो! "काय होतंय हिला?" मी पुतळ्याकडे बघून म्हणतो, "चालत नाही." त्यानं पट्टा बघितला, बॉबिन काढली, तेल सोडलं, पायडलवर पाय ठेवून चिंधीवर टीप मारली. सुर्रर्र! अशी सरळ टीप, अशी सरळ, माझी मान खाली गेली. चिंधी माझ्यापुढे धरून म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. मग बिघडलंय काय?"

आता काय सांगू? म्हटलं, "सकाळी बिघडतं. दहानंतर चालतं."

"मशीन?"

मी मनगटांनी उगाच टेबलावरच्या चिंध्या सारायला लागलो. त्यानं शर्टाकडे बघितलं. मग हातांकडे. मी हात मागे घेतले. म्हणाला, "दाखवा."

म्हटलं, "काही नाही. दिसत तर नाही काही."

"माझं काम डोळ्यांवर चालत नाही, मास्तर," उस्ताद म्हणाला, "मशीनचंही बाहेरून काही दिसत नसतं. दाखवा."

आणि त्यानं माझा हात घेतला. तेलकट हातानं, पण असा हलका, असा हलका धरला, जसा एखादा नाजूक पुर्जा धरतात. एकेक बोट घेतलं, जरासं वळवलं. "इथे अडकतंय? इथे? आणि इथे?" तीन महिने, तुम्हाला सांगतो, डॉक्टरबाई सोडल्या तर माझ्या हाताला कुणाचा हात लागला नव्हता. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं! हो, त्यात काय एवढं. पण माझे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नाही! एक त्याच्याकडे, दुसरा वाकत नाही! शेवटी खांद्याला पुसले. मग सगळं सांगितलं. आमवात, वॉचमन, गोळ्या, तीन महिने. आणि म्हटलं, "त्या दिवशी दोरा कुजका होता, उस्ताद."

"माहीत होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलू देता का कुणाला?"

आणि माझं तिसरं बटण लावलं त्यानं. मग पहिलं लावलं, दुसरं लावलं, गळ्याशी आवळून टाकलं मला, शाळेच्या पहिल्या दिवशी आई आवळायची तसं. कॉलर झटकली, पेटी उचलली, म्हणाला, "उद्या किती वाजता?"

म्हटलं, "कशाला?"

"बटणाला!"

तेव्हापासून रोज यायला लागला. आठला शटर वर करतो, बटणं लावतो, मी सांगतो तसं तो कापड कापतो, वाकडं कापतो, मी ओरडतो, तो म्हणतो, "मग घ्या स्वतः!" मग तोच परत कात्री उचलतो. दहानंतर बोटं जरा सैल झाली की मी टीप मारतो. वकीलबाईंचा कोट गेला. बाई घालून बघतात, आणि मी विचारायच्या आधीच म्हणतात, "उस्तादांनी सांगितलं. पण दिसत तर नाही हो काही!" म्हटलं, "कोटाचं म्हणताय ना? नाहीच दिसणार, आतून टीप मारलीय."

आणि गेल्याच्या गेल्या रविवारी घोटाळा झाला. उस्ताद माझ्या कफाचं बटण लावतोय आणि फोन वाजला. मुलगी! मी बोट फिरवतोय, फोन ऐकतच नाही, या सुजलेल्या बोटांना तो बोटं मानतच नाही. उस्तादनं पटकन घेतला आणि माझ्याआधी बोलून मोकळा झाला, "थांबा हं ताई, बाबांचे हात सकाळी चालत नाहीत ना, बटण लावून झालं की देतो!"

दोन विमानांपलीकडून आवाज आला, "आत्ता द्या."

उस्तादनं फोन माझ्या कानाशी धरला. मी तयारीत होतो. काही नाही गं, थंडीमुळे, किरकोळ, मजेत, सगळं ओठांवर होतं. मला वाटलं, ती ओरडणार, नाहीतर म्हणणार, मागच्या रविवारी तर काही दिसलं नाही! तसं नाही म्हणाली. म्हणाली,

"बाबा, खूप दुखतं का?"

अहो, हे कुणी विचारलंच नव्हतं! कधीपासून, कुठे, किती गोळ्या, कुणाला होतं, कशानं होतं, सगळं विचारलं लोकांनी. मी तोंड उघडलं, म्हटलं... "हो."

बस्. चौतीस वर्षं अखंड बडबड करणारा माणूस, एवढंच आलं. आणि मग दोघंही रडलो, आणि मधे उस्ताद फोन धरून उभा, त्याचा हात अवघडला, पण त्यानं बदलला नाही.

आता सुट्टी मिळाली की येते म्हणालीय. सुट्टी चार महिन्यांनी. गोळ्यांचा गुण थोडा थोडा येतोय, दीड तासाचं अडणं आता तासावर आलंय, डॉक्टरबाई म्हणतात, चांगलं लक्षण आहे. घरी मदतीला कोण, असं त्यांनी परत विचारलं, तेव्हा म्हटलं, "एक आहे. सकाळपुरता." बाई या वेळी जरा हसल्या.

फक्त उस्ताद परवापासून आपल्या धाकट्या भावाकडे गेलाय, भाऊ आजारी आहे, सोमवारी येईल. आज गुरुवार. जाताना दहादा म्हणाला, काही लागलं तर इस्त्रीवाल्याला हाक मारा. मारेन. मारायची तर आहे. पण आपण हाक मारायची, त्यानं यायचं, आणि आधी माझ्या हातांकडे बघायचं...

आणि काल मुलीचं पार्सल आलं. तिनं तिकडून बटणं लावायचं यंत्र धाडलंय, लाकडी मूठ आणि पुढे तारेचा फास, काजातून घालायचा, बटण पकडायचं, ओढायचं, की झालं! कुणाची गरजच नाही! कसं वापरायचं त्याचं चित्र आत दिसतंय, वरून जाड पारदर्शक प्लॅस्टिक आहे ना, चहूबाजूंनी चिकटवलेलं, त्यातून. काल सकाळपासून टेबलावर आहे. कात्रीनं होईना, दातानं होईना, दाराच्या फटीत धरून ओढलं, दारच निघायला आलं. मग चष्मा लावून वाचलं, मागे मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'सांधेदुखीच्या रुग्णांसाठी खास. उघडताना दोन्ही हातांनी जोर लावावा.'