पाव सेकंद, आणि कुणीही हलायचं नाही!

...ऑटोवर ठेव म्हणे! का? का म्हणून ठेवू? कॅमेऱ्यावर एवढी बटणं दिलीत, गोल फिरवायची चकती दिलीय, ती काय शोभेला? पण भाचीच्या लग्नाचे फोटो मामा काढणार, हे ज्याला ज्याला कळलं त्या प्रत्येकानं, अगदी ज्यांना स्वतःच्या मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही त्यांनीसुद्धा, मला एकच सल्ला दिला, 'ऑटोवर ठेव.' नाही ठेवणार! जा, काय करायचं ते करा!

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं तपासतोय. सरळ असलं की जाऊ दे, तिरकं असलं की बाजूला काढ. घरी भाजी कुठली, ते बायको ठरवणार. टीव्हीवर काय लावायचं, ते मुलं ठरवणार. अख्खं आयुष्य मला सगळ्यांनी ऑटोवरच ठेवलंय हो! आता पन्नाशी उलटल्यावर हौसेनं कॅमेरा घेतला, चार रविवार क्लासला गेलो, तर तिथेही मशीननंच ठरवायचं?

त्यात ताईनं जबाबदारी टाकलेली. माझी थोरली बहीण. तिच्या स्वतःच्या लग्नात फोटोग्राफर कॅमेऱ्यात रीळच घालायला विसरला होता, दिवसभर नुसता खटॅक खटॅक करत हिंडला बिचारा! म्हणून मला म्हणाली, 'हे बघ, बाकी काही नको. मी आणि माझी लेक, एक धड फोटो. एकच.' मी म्हटलं, 'ताई, मी असताना दुसरा फोटोग्राफर बोलावलास तर याद राख!' आणि नाही बोलावला तिनं. विश्वास हो, विश्वास! तेवढ्यात मागून भावोजी म्हणाले, 'ऑटोवर ठेव.'

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. माणूस कसा, तर छप्पर कोसळलं तरी वर बघून 'हं' म्हणेल आणि पेपराचं पान उलटेल. अठ्ठावीस वर्षं ताईचं एकच पालुपद, 'या माणसाला कशाचं काही वाटतच नाही.' असा माणूस कधी नव्हे तो बोलला, तर काय बोलला? ऑटोवर ठेव!

मग मी इरेलाच पेटलो. आदल्या दिवशी हॉलवर जाऊन तालीम केली. आता ऐका, गणित सोपं आहे. आयएसओ नावाचा आकडा वाढवला की अंधारातही उजेड दिसतो, पण फोटोत वाळूसारखे दाणे येतात. भाचीच्या तोंडावर वाळू? शक्य नाही! आकडा सगळ्यात खाली. मग भिंगाचं भोक. ते मोठं ठेवलं तर पुढचा माणूस स्पष्ट आणि मागचा धूसर, आणि मागे नेमकी आमची आत्या उभी राहिली तर जन्मभर ऐकवेल! म्हणून भोक बारीक. मग उजेड कुठून येणार? तर शटर उघडं ठेवायचं, पाव सेकंद! फ्लॅश? छे! फ्लॅशच मारायचा तर चार रविवार काय झोपायला गेलो होतो? कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला, रिकाम्या हॉलचे चाळीस फोटो काढले... आणि काय सांगू! दोनशे खुर्च्या, एकेका खुर्चीचा पाय मोजून घ्या! बायकोला दाखवले, ती म्हणाली, 'खुर्च्या छान आल्यात.' झालं! आकडे कागदावर लिहिले, कागद कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटवला. आता ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही!

लग्नाच्या दिवशी नवरीनंसुद्धा विचारलं, 'मामा, ऑटोवर ठेवलंय ना?' तूसुद्धा? मी म्हटलं, 'बाळा, तू फक्त हस.' आणि हसली पोर. भाचीनं रजिस्टरवर सही केली, पेन ठेवलं, वळली, आणि दोघी मायलेकी एकमेकींच्या गळ्यात! हमसून हमसून, गदागदा हलत... आणि मी? दाबतोय बटण, दाबतोय बटण! कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर सगळं झकास दिसत होतं हो. तिथे सगळंच झकास दिसतं!

दुसऱ्या दिवशी ताईकडे मोठ्या टीव्हीवर लावले. आता मला सांगा, पाव सेकंदात माणूस किती हलतो, कल्पना आहे तुम्हाला? खुर्ची हलत नाही, माणूस हलतो! हे क्लासच्या सरांनी सांगायला नको? सहाशे फोटो, आणि एकाला चेहरा असेल तर शपथ! नवरदेव म्हणजे नुसता कोट. आत्या म्हणजे वाफ. स्पष्ट काय? भिंती, पंख्याची बटणं, खुर्च्या... आणि भावोजी. प्रत्येक फोटोत भावोजी! सगळा हॉल वाहून गेलाय आणि हा माणूस आपला खांबासारखा उभा, मिशीचा केस न् केस मोजून घ्या.

आणि मग तो फोटो आला. ताई आणि लेक म्हणजे दोन रंगांचा एक फराटा. एकच मागितला होता हो तिनं... मी उठून म्हणालो, 'ताई, चुकलं माझं.' ती म्हणाली, 'गप्प बस. ते मागचं मोठं कर.'

मागे भावोजी. दोन्ही डोळे काठोकाठ भरलेले, आणि एक थेंब थेट मिशीपर्यंत उतरलेला.

ताई उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. मग हळूच म्हणाली, 'अहो... तुम्ही रडलात?'

'लाइट चमकलाय डोळ्यांत.'

'लाइट तुमच्या पाठीमागे होता, भावोजी!' मी का सोडतोय? चार रविवार शिकलोय! भावोजी उठले, म्हणाले, 'पुसून टाक तो फोटो. तुला सांगितलं होतं, ऑटोवर ठेव.' बघा! आणि ठेवला असता तर? फ्लॅश उडाला असता, हा माणूस सावध झाला असता, आणि ताईला आणखी अठ्ठावीस वर्षं कळलं नसतं! नाही ठेवणार म्हणजे नाही ठेवणार!

ताईनं तोच फोटो हा एवढा मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्यांना बोट दाखवून सांगते, 'माझ्या भावानं काढलाय.' मी कॉलर ताठ करतो. पाहुणे जवळ जातात, चष्मा वर करतात, खाली करतात, आणि हळूच मला विचारतात, 'यात नवरी कुठली हो?'

काय सांगणार? सांगतो... 'ती काय, हललेली.'