नवी तोटी

नाही हो भाऊ, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडकाय — इकडं पलंगावर बसा. हां. तर मॅनेजरसाहेबांनी सहीसाठी पाठवलं तुम्हाला. घ्या की. उजवा हात असा बांधलेला, पण डाव्याचा अंगठा उठतो अजून. काय लिहिलंय म्हणालात — 'माझ्या निष्काळजीपणामुळे भाजले'? असेल बाई. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उभा जन्म गेला, एखाद दिवशी लक्ष नसेल. बंबाची तोटी गळत होती, ते खरं. मी सांगितलंही होतं. साहेबांनी स्वतःच्या हातानं फडकं गुंडाळलं, म्हणाले, सध्या चालवून घ्या. घेतलं चालवून. त्या दिवशी चहाचं पाणी घ्यायला गेले नि तोटी फडक्यासकट हातात आली — कोपरापासून बोटांपर्यंत उकळतं पाणी.

मग काय, सगळेच डॉक्टर झाले. एक म्हणे टूथपेस्ट लावा, आचारी तर पिठाचा डबा घेऊन धावला — म्हटलं, पीठ लावून तळताय की काय मला? हसा, हसा, तेव्हा मीही हसले. भांडेवाली तेवढी शहाणी. तिनं हात गार पाण्याच्या नळाखाली धरला तो सोडलाच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिनं बरंच वाचवलं.

कोपराकडं फोड आले, आग आग नुसती. मनगटाशी मात्र पांढरं पडलेलं, दुखायचं नाव नाही. मी खूश, एवढं तरी वाचलं. तर डॉक्टरीणबाई म्हणतात, जिथं दुखत नाही तिथंच खोल भाजलंय. मांडीची कातडी काढून तिथं लावायची. एवढं करूनही बोटं पुरती उघडतील याची खात्री नाही —

घरच्यांना? त्यांना एवढंच सांगितलंय, पट्टी निघाली की कामावर. ह्यांचं मन आधीच हळवं, रात्री उठून माझा हात बघतात. तुम्हाला बरी सांगत बसले मी, ओळख ना देख.

दोन महिन्यांचा पगार देताय, उपकार आहेत. पण बोटं नाही उघडली तर लाटणं कशानं धरू? भांडेवालीची नणंद वकिलाकडं कामाला आहे, ती म्हणते, जखम कुठवर जाते ते डॉक्टरांनी लिहून देईपर्यंत कशावर सही करू नका, केली की भरपाई मागायची वाटच बंद. मी म्हटलं, जाऊ दे, माझीच चूक असेल. तर भांडेवाली सांगते, बंबाला नवी तोटी बसवली. दुसऱ्याच दिवशी. होय ना? तुम्हीही बघितली असेल. मग भाऊ, चूक माझी होती, तर तोटी कशाला बदलली?

कागद पुढं सरकवताय. बरोबर आहे, तुम्ही तरी काय करणार, नोकरी आहे.

जिन्यात पावलं वाजली, हेच आले. तो कागद उचला तेवढा. नाही, अंगठा नाही उठवत. आणि बसू नका आता, मला ह्यांच्याशी बोलायचंय.