थोरलीचं नाव

राम राम मंडळी. भावकीतल्या जाणत्या माणसांनो, आयाबायांनो, आज आमच्या आबांचा दहावा. सुनेनं सासऱ्याच्या दहाव्याला माईक धरायची आपल्या काटेवाडीत रीत न्हाय, ठाऊक हाय मला. पण आबा गेल्यापासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतीय. बसवत न्हाय, उभं राहवत न्हाय. तवा बोलते, आन् पटकन बोलते. नायतर रडू यील.

आबांना तुमी सगळे भीत होता. खरं सांगा, व्हय का न्हाय? लग्न असू दे, दहावा असू दे, आबा फोन काढून हजर. "तुमच्या आजीचं नाव काय? माहेर कुठलं?" लोकं म्हणायची, म्हातारं चळलं! ऊस तोडायला आला तरी आबा निघाले बारामतीला, मोडी शिकायच्या वर्गाला. जुने फेरफार ऑनलाइन काढायचे. फोनवर वंशावळीचं ॲप घेतलं आन् एकेका माणसाचा चौकोन भरत बसले. मी म्हणायची, "आबा, जेवण निवतंय." तर म्हणायचे, "थांब गं, एक पणजोबा सापडलाय."

हसा, हसा. त्यांनाबी आवडलं असतं.

पण एक चौकोन रिकामा ऱ्हायला. आबांच्या आजोबांच्या दोन बायका. धाकटी म्हंजे आबांची सख्खी आजी, तिचं नाव समद्यांना पाठ. पहिलीला घरात नुसतं 'थोरली' म्हणायचे. मुलगा झाला न्हाय म्हणून तिच्यावर सवत आणली. ती गेल्यावर तिचं नावबी कुणी काढलं न्हाय. फेरफारात न्हाय, मोडीच्या कागदात न्हाय. आबांची सगळी विद्या हितं येऊन थकली.

तिची एकच लेक, आबांची चिंगूआत्या. आज सुप्याहून आल्यात. त्या काय, पुढंच बसल्यात.

आत्याआजी, आबांनी तुमाला विचारलं ते तुमच्या मालकांच्या दहाव्याला. चुकलंच त्यांचं. तुमी काय म्हणालात ते मी ह्या कानांनी ऐकलंय. "इतकी वर्सं माझ्या आईच्या नावाबिगर तुमचं काय अडलं न्हाय. आता फोनात घालायला पायजे व्हय?" त्यानंतर तुमी आमच्या घरचं पाणी घेतलं न्हाय. आज आलात, हेच लय झालं.

दवाखान्यात आबांचा जीव त्यातच घुटमळत होता. मला म्हणाले, "चिंगूआत्याची माफी मागायची ऱ्हायली गं." नाव ऱ्हायलं, असं न्हाय म्हणाले. माफी ऱ्हायली म्हणाले.

ती मी मागते. ह्या घरची सून म्हणून, सगळ्या भावकीदेखत. तुमच्या आईला आमी विसरलो. माफ करा, आत्याआजी. नाव सांगा, असं मी म्हणणार न्हाय. हा बघा, हातातला आबांचा फोन खाली ठेवला.

अहो, उठू नका! बसूनच बोला. माईक द्या कुणीतरी तिकडं. काय म्हणालात?

तुळसा.

मागं ऐकू गेलं का, मंडळी? तुळसा!

तिच्या दहाव्याला कोण उभं ऱ्हायलं होतं का, देव जाणे. आज आपुन ऱ्हाऊ. उठा समदे, दोन मिनिटं गप उभे ऱ्हावा. आधी तुळसाआजींसाठी, मग आमच्या आबांसाठी.

आबा, थांबा जरा. एक आजी सापडलीय.