बिनगोळीची शिटी

वेंगुर्ल्याच्या बाजारात, जाळ्या-दोऱ्यांच्या दुकानात मी सुतळी घ्यायला थांबलो होतो. माझ्या पुढे कुबडी घेतलेले एक काका आणि त्यांची शेजारीण उभी होती.

"शिटी दी रे. लांब आयकाक जायत अशी."

"ही स्टीलची बघा, काका. आत गोळी आसा."

"पावसात गोळी चिकटता. बिनगोळीची दी."

"मग ही केशरी घेवा. भिजली तरी वाजता. गळ्यात घालूक दोरी पण आसा."

"वाजव बघूया, शर्मिला."

"माका कित्याक, बाबलीकाका? काजीच्या बागेत पडलात तुमी."

"म्हणानच. आता माझी बाग तूच बघतंस. एकटीच जातंस मा?"

"जातंय. पण काका, माका अजून वाईट वाटता. तुमची पयली हाक आयकलंय, दुसरी पण आयकलंय, आणि दार लावन घेतलंय."

"तिन्हीसांजेक रानातसून हाक इली तर कोण ओ देता? माझ्या आवशीन पण माका ताच शिकवल्यान. भूत दोनदाच हाक मारता, तिसऱ्यांदा मारणा नाय."

"तिसरी इली, तेवा बॅटरी घेवन धावलंय."

"धावलंस म्हणान आज उभो आसंय. तुझे उपकार कशे फेडू?"

"असा बोलू नकात."

"बरा, नाय बोलणंय. ही गळ्यात घाल. खंय पडलंस तर वाजव."

"आणि तुमका भूत वाटला तर?"

"वाटांदे. मी पयल्याच शिटीक येतलंय."