या वयात छातीत दुखतं?

...नाही, पण मला एक सांगा, छातीत दुखायला वयाचा दाखला लागतो का? गाडीचं लायसन्स काढायला लागतो, ते मला माहितेय, माझा धंदाच तो आहे, पण छातीत दुखायला? छाती माझी, आवळतेय ती मला, आणि कोणालाही सांगायला जावं तर पहिला प्रश्न काय... "या वयात?"

तुम्हाला सांगते, मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. वय सव्वीस. सकाळी सातपासून शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली माझा वेगळा ब्रेक, आणि स्टिअरिंग कोणाच्या हातात? तर ज्याला गाडी येत नाही त्याच्या! दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालतं हे? न्हावी कधी गिऱ्हाइकाच्या हातात वस्तरा देऊन "घ्या, माझ्यावर हात बसवा" म्हणतो का? मी म्हणते. रोज म्हणते, आणि वर हसून म्हणते.

तर महिनाभर असं चाललेलं, की दुपार झाली की छातीवर कोणीतरी येऊन बसायचं. मी आपली अंगावर काढत होते. मग त्या मंगळवारी आल्या क्लचकाकू. त्यांचं नाव वेगळं आहे, पण क्लचवर एकदा पाय ठेवला की बाई उचलतच नाहीत, आणि मी दिवसातून चाळीस वेळा, "सोडा काकू... हळूहळू सोडा... सोडा हो..." तर चौकात सिग्नल सुटला आणि काकूंनी क्लच सोडला. महिन्यात पहिल्यांदा सोडला, तोही एकदम, आणि समोर भाजीची हातगाडी! मी ब्रेक दाबला, हातगाडी वाचली, पण छाती अशी आवळली की श्वास वर येईना की खाली जाईना. घाबरले मी. खोटं कशाला बोलू, मला वाटलं संपलं सगळं, आता आईला कोण कळवणार? मागचे हॉर्न वाजवतायत, मी छाती धरून बसलेय, आणि काकू चष्मा वर करून मला न्याहाळतायत... "छातीत? या वयात?"

घरी आले तर आईचं तेच. या वयात कसलं दुखणं, मोबाईल बघत वाकडी झोपतेस त्यानं होतं म्हणे. आमच्या मालकांना सांगितलं. त्यांना आम्ही पाठीमागे रिव्हर्स म्हणतो, कारण दिलेला शब्द ते नेहमी मागे घेतात. ते म्हणाले, "या वयात आम्ही..." आणि पुढची वीस मिनिटं त्या वयात ते काय काय करत होते ते मी उभ्यानं ऐकलं. छातीत दुखत असताना!

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता मी तपासून घेणार म्हणजे घेणारच. गेले दवाखान्यात. काउंटरवरच्या माणसानं केसपेपर ओढला आणि माझ्या मागे बघत विचारलं, पेशंट कुठे आहेत? मी म्हटलं, पेशंट मीच. तक्रार? छाती आवळते. वय? सव्वीस. झालं, पेन खाली ठेवलं त्यानं. या वयात काही नसतं ताई, आज मोठ्या माणसांची गर्दी आहे, उद्या या.

"दादा," मी म्हटलं, "माझ्या हृदयाला माझी जन्मतारीख माहीत नाही. आज बघायचं. मी इथून हलणार नाही."

आणि बसले ना, त्याच्या समोरच्याच खुर्चीत, त्याच्याकडे टक लावून. पंधरा मिनिटांत ईसीजी काढला त्यांनी. कंटाळून काढला असेल, पण काढला.

डॉक्टरीणबाई पंचावन्नच्या असतील. पट्टी पाहिली, नळी लावून ऐकलं, आणि कधी दुखतं, काय करताना दुखतं, सुट्टीच्या दिवशी दुखतं का... सगळं विचारलं, पण "या वयात" म्हणाल्या नाहीत हो! मला तिथेच रडू यायला लागलं. बरगड्यांच्या सांध्यावर बोट दाबलं तर मी ओरडलेच, अगदी तीच कळ. मग कागद घ्यायला त्यांनी हात लांब केला आणि कोपराशी चहाचा कप, टेबलाच्या अगदी कडेला... माझा उजवा पाय धाडकन फरशीवर.

"हे काय केलंस?"

"ब्रेक," मी म्हटलं.

"आणि श्वास कुठाय?"

मी बघितलं. आत होता.

"कधीपासून?"

"सकाळी सातपासून."

"सोड," बाई म्हणाल्या. "हळूहळू सोड."

माझंच वाक्य! मला! इतका राग आला, पण सोडला. मग त्यांनी समजावलं. हृदय ठणठणीत आहे, पण दिवसभर श्वास रोखून, खांदे वर ओढून बसायचं, त्यानं बरगड्या आणि स्नायू दुखावलेत. दुखलं की मी घाबरते, घाबरले की श्वास आखूड होतो, की छाती आणखी आवळते. म्हणून खांदे सैल सोडायचे, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, बरगड्यांना शेक द्यायचा आणि दोन लेसनच्या मध्ये उतरून जरा चालायचं. "पण आलीस ते बरोबर केलंस," म्हणाल्या. कळ हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला, दम लागला, चक्कर आली, तर वय मोजत बसायचं नाही, तडक यायचं.

दुसऱ्या दिवशी रिव्हर्ससाहेबांच्या टेबलावर गाडीची चावी ठेवली. म्हटलं, दोन लेसनच्या मध्ये दहा मिनिटं, नाहीतर उद्यापासून क्लचकाकूंना तुम्ही शिकवा. "दहा मिनिटं आराम? या व..." एवढंच म्हणाले आणि थांबले. क्लचकाकू दारातच उभ्या होत्या. दहा मिनिटं मिळाली, आणि हा शब्द त्यांनी अजून मागे घेतलेला नाही.

आता छाती बरी आहे. म्हणजे होती, आज सकाळपर्यंत. आज नवीन शिकाऊ आल्या... कोण? डॉक्टरीणबाई! पंचावन्न वर्षांची आहे मी, म्हणाल्या, जमेल ना मला? आणि शप्पथ सांगते, माझ्या तोंडून निघून गेलं, "या वयात?" जीभ चावली मी. बाई हसल्या बिचाऱ्या.

गाडी चौकापर्यंत नेली त्यांनी. खांदे कानापर्यंत, तोंड लालबुंद, स्टिअरिंग गच्च धरलेलं. म्हटलं, डॉक्टर, श्वास कुठाय? तर म्हणाल्या, आत. म्हटलं, सोडा, हळूहळू सोडा. शहाणं माणूस, लगेच ऐकतं. सोडलं.

स्टिअरिंग. दोन्ही हातांनी.

ब्रेक मी दाबला. आता चौकात गाडी उभी आहे, आम्ही दोघी डोळे मिटून श्वास सोडत बसलोय आणि मागचे हॉर्न वाजवतायत... म्हटलं, वाजवा लेको, आमची दहा मिनिटं चालू आहेत.