गप्प बसलेली लाइन

"उचकी लागली तरी नवऱ्याला फोन करशील, तर खऱ्या वेळी तो उचलायचा नाही," हे आईचं बोलणं तिने हसण्यावारी नेलं होतं. आज बाळाने बटण गिळलं आणि दवाखान्यातून ती सारखा फोन लावतेय, तर नवरा उचलेना. शेजारी दोघे नेटवर्कवाले बोलत होते.

"त्या कंपनीची लाइन सारखी पडते, उठते. दर वेळी जगभर दवंडी! शेजारच्या नेटवर्कांनी तिचं ऐकणंच सोडलं."

"आता तर धड आहे ना?"

"आहे, पण विश्वास कोण ठेवणार? तिथले साहेब लाइन पुन्हा पुन्हा बंद-चालू करतायत."

"अरे देवा, दर बंद-चालूला न ऐकण्याची शिक्षा वाढेल की! जरा गप्प बसा म्हणावं, शेजारचे आपोआप परत ऐकायला लागतील."

तिने फोन पर्समध्ये टाकला. थोड्याच वेळात नवऱ्याचा आला.

"अगं, सारखी लावत होतीस, आता एकदम गप्प? बाळ बरंय ना?"

तुम्हाला सारखा फोन करणारं कोणी आज गप्प असेल, तर एकदा लावून बघा हो.