आठ फुटांवरची टेप

नाही पण मला सांगा, सात वर्षांच्या पोरीला टीव्हीचं व्यसन लागतं का? लागतं म्हणे. मोबाइलवर सगळं असतं, लक्षणं, कारणं, उपाय, आणि सगळ्या लक्षणांच्या शेवटी "पालकांचे दुर्लक्ष" हे असतंच. झालं काय, मायाच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, लाल पेनाने, "फळ्यावरचे उतरवून घेत नाही, लक्ष नसते, घरी टीव्ही जास्त बघते का?" आणि तुम्हाला सांगते, ते शेवटचं प्रश्नचिन्ह मला तीन रात्री झोपू देईना. कारण बघते हो. नाही कशाला म्हणू? माझ्या चपात्या होईपर्यंत बघते, भांडी होईपर्यंत बघते, आणि बघते कशी, तर टीव्हीला नाक लावून. हाक मारली की मान वळवते तेव्हा नाकाच्या शेंड्यावर पडद्याची धूळ असते.

आता हे मी नवऱ्याला सांगितलं. चूक माझीच. रूपेश म्हणजे कसा, तो कामावरून आला की आधी सोफ्यावर पडतो आणि मग पडल्यापडल्या सगळ्या जगाचे प्रश्न सोडवतो. म्हणाला, "अगं, टीव्ही म्हातारा झालाय आपला. लग्नातला आहे. चित्र फिकं पडलंय म्हणून पोरगी जवळ जाते. त्रेचाळीस इंची घेऊ, स्वच्छ चित्राचा, आपोआप मागे बसेल." आणि मी... मी बीएस्सी केमिस्ट्री, मी अंबरनाथच्या कारखान्यात क्वालिटीमध्ये सहा वर्षं काढलेली बाई, मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, गोड वाटलं. दुर्लक्ष माझं नाही, पडद्याचं आहे, हे ऐकायला कुठल्या आईला आवडणार नाही?

साधा टीव्ही घ्यायचा होता हो मला. एवढंच.

पण साधा टीव्ही तुम्हाला कोणी घेऊ देतं का? विठ्ठलवाडीला माझा दीर राहतो, चेतन, त्याला फोन केला तर म्हणतो, "वहिनी, इंच बघू नकोस, पॅनल बघ, पॅनल." मी म्हटलं, पॅनल कसं बघू, ते आत असतं ना? "तेच तर! म्हणून तर लोक फसतात वहिनी." बरं मग करू काय? "रिफ्रेश रेट विचार, सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं ते. साठवाला देतील, घेऊ नकोस, फास्ट सीनमध्ये मार खातो." आता आमच्या घरी फास्ट सीन कोणता, तर मालिकेतली सासू जिन्यावरून उतरते तो. तिला साठ पुरेत की! पण नाही, डोक्यात एकदा साठ शिरला की शिरला, मी दूधवाल्याने "साठ" म्हटलं तरी दचकायला लागले.

मग मी मला जे येतं ते केलं. आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. क्वालिटीत आम्हाला एकच शिकवलंय, दोन माल आले तर बडबड ऐकायची नाही, दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे, उजेड तोच, अंतर तेच, नमुना तोच, आणि मग बोलायचं. तर बारा टीव्ही वाचून वाचून त्यातले दहा खोडले आणि उरले दोन. किंमत मागेपुढे सारखीच. मी त्यांना नावं दिली, नमुना क्रमांक एक आणि नमुना क्रमांक दोन. एकचा आवाज चांगला, पण उजेड कमी. दोनचा उजेड जास्त, पण पाय इतके लांब दोन टोकांना, की आमचं टेबल पुरत नाही. एकला रिमोटवर आकडेच नाहीत. दोनला आहेत, पण लोक लिहितात की सहा महिन्यांत रिमोट मरतो. रूपेशला विचारलं, कोणता? तर काय म्हणाला असेल? "तू म्हणशील तो." म्हटलं, मग एक? तर पाय हलवत म्हणतो, "एक? बघ बुवा..." हे "बघ बुवा" ज्याने शोधलं ना, त्याला माझ्यासमोर उभा करा.

तक्ता फ्रीजवर लावला होता. माझ्या सासूबाई वांगणीहून दर रविवारी येतात, हातात शेवग्याच्या शेंगा आणि तोंडात एक वाक्य. आल्या, तक्त्याकडे बघितलं, "परीक्षा कोणाची हाय?" म्हटलं, टीव्हीची. त्यांनी पाणी प्यायलं, पदराने तोंड पुसलं, वर बघितलं आणि ते वाक्य आलंच, "पंख्यावर बघ गो किती धूळ बसलीय." दर रविवारी! घरात माणसं आहेत, नात आहे, ती पहिल्या तीनांत आली होती मागच्या वर्षी, ते नाही, पंखा! आणि तुम्हाला सांगते, मी एकटी थोडीच आहे घरात, माझ्याकडे साक्षीदार आहे. मी लगेच हाक मारते, "माया, बघ गं वर, तुला दिसते का धूळ?" माया मान वर करते, नीट बघते हं, डोळे बारीक करकरून बघते बिचारी, आणि सांगते, "नाही. काहीच नाही दिसत." संपलं. सासूबाई म्हणतात, "पोरगी आईचीच." आणि मी त्या आठवड्यापुरती जिंकलेली.

असो. मी टीव्हीचं सांगत होते. साधा टीव्ही.

मोबाइलवर असंही होतं की त्रेचाळीस इंचीला आठ फूट अंतर पाहिजे. मी टेप लावून मोजलं. आमचा हॉल बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या सगळ्या हॉलसारखाच, आठ फूट मागे गेलं की ओटा हाताच्या अंतरावर येतो. तरी लादीवर पांढरी चिकटपट्टी लावली, आरपार, आणि मायाला सांगितलं, आजपासून सराव, ह्या पट्टीच्या पुढे यायचं नाही. शहाणी आहे हो ती, ऐकते. पट्टीच्या मागे बसली. म्हणजे बूड पट्टीच्या मागे, आणि उरलेली अख्खी पोरगी पुढे. पालथी पडून, कोपरांवर, मान ताणून, मगरीसारखी. आणि मी तिला ओरडायची! रोज! "माया, मागे! लक्ष कुठे असतं तुझं?"

दोन्ही नमुने शेजारी शेजारी बदलापुरात कुठे मिळेनात. एका दुकानात एक भिंतीवर, दुसरा खोक्यात. मी म्हटलं खोका उघडा, तर माणूस असा बघतो जसं काही मी त्याचं लग्न मोडायला आलेय. शेवटी उल्हासनगरला, हरेशभाईंच्या दुकानात, दोन्ही लावलेले सापडले. शनिवारी आम्ही तिघं गेलो. पर्समध्ये तक्ता, मोजायची टेप, चिकटपट्टी आणि पेनड्राइव्ह.

हरेशभाई माणूस अगत्याचा. बसवलं, पाणी दिलं, भाजलेला पापड दिला, मायाला वेगळा अख्खा पापड. आणि मग दोन्ही टीव्हींवर ते सुरू. ते माहितीये ना तुम्हाला? पोपट. पोपट, मग मध ओततात, मग स्ट्रॉबेरी पाण्यात पडते, मग परत पोपट. "देखो मॅडम, क्या कलर है." मी म्हटलं, हरेशभाई, आमच्या घरी मध ओतताना कोणी बघत नाही. आमच्याकडे रात्री एक बाई अर्ध्या अंधारात रडत असते, ती दिसली पाहिजे. ते म्हणाले, "रोना भी क्लिअर आएगा मॅडम." म्हटलं, मी माझा नमुना आणलाय, लावा. आणि पेनड्राइव्ह काढला तर हात मागे घेतला त्यांनी. "पेनड्राइव नहीं मॅडम, वायरस आ जाता है." मी म्हटलं, अहो त्यात वायरस नाही, माझी मुलगी आहे!

होतीच. चौदा एप्रिलला आमच्या विहारात मायाने भाषण केलं होतं, त्याचा व्हिडिओ. मी विचार करून आणला होता, बरं का. पांढरा फ्रॉक, म्हणजे पांढरा पांढरा दिसतो का बघायला. मागे निळं कापड, म्हणजे निळ्याची परीक्षा. आणि मधे माझी सावळी पोरगी, म्हणजे माणूस माणसासारखं दिसतं का ते. कुठली कंपनी करते इतकी पद्धतशीर चाचणी, सांगा?

मग मी वाकून दुकानाच्या लादीवर आठ फूट मोजले. चिकटपट्टी लावली. रूपेश फ्रीज बघायला पळाला, आमची ओळखच नाही असा चेहरा करून. हरेशभाई शेजारच्या गिऱ्हाइकाला हळूच म्हणाले, "टीचर होगी." मायाला पट्टीच्या मागे उभं केलं, पापडासकट, आणि म्हटलं, लावा.

हरेशभाईंनी मनाविरुद्ध पेनड्राइव्ह खोचला, नमुना क्रमांक दोन लागला. आणि माझं डोकंच फिरलं. पोरगी गोरीपान! माझी माया, चेहरा पिठात घोळून काढल्यासारखा! हरेशभाई खूश, "देखो मॅडम, कितना फेअर आ रहा है." मी म्हटलं, फेअर मागितलं कोणी? ज्या दिवसाचं, ज्यांच्यावरचं भाषण आहे, त्या दिवशी तरी माझ्या पोरीला तिच्या रंगात उभी राहू द्या की! ते म्हणाले, "सेटिंग है, कम हो जाएगा." म्हटलं, थांबा, आधी जिला बघायचंय तिला विचारू. माया, ह्यातली मुलगी कशी दिसते?

माया बघत राहिली. मग म्हणाली, "कोण आहे ती?"

बघा! मी तक्त्यात लगेच फुली मारली, कागद फाटेल इतकी. बघा हरेशभाई, पोरीला स्वतःची ओळख पटेना, इतका रंग बदलता तुम्ही! अख्खं दुकान आमच्याकडे बघत होतं, आणि मी, काय सांगू, मी जिंकले होते. मग नमुना क्रमांक एक लावला. हुबेहूब. तोच सावळा रंग, पांढरा पांढरा, निळा निळा, कानातले डूलसुद्धा दिसत होते. मी तक्त्यावर बरोबरची खूण करायला पेन टेकवलं आणि ऐटीत विचारलं, "आणि ही कोण?"

माया म्हणाली, "ही पण नाही माहीत. आई, मी पट्टीच्या पुढे जाऊ का? पुढे गेले की सांगते."

पेन तसंच राहिलं हो. बहुतेक मी मानेने हो म्हटलं असेल, कारण ती गेली पुढे, चालत चालत पार टीव्हीजवळ, नाक लावलं, आणि हसली. "अय्या, मीच आहे."

हरेशभाईंनी दोन्ही टीव्ही बंद केले. म्हणाले, "मॅडम, टीवी कहीं नहीं जाता. पहले बच्ची की आँख दिखाओ. दो दुकान छोड़के डॉक्टर है." स्वतः चालत आले दारापर्यंत. धंदा सोडून.

डॉक्टर बाई तरुण होत्या, शांत. मायाच्या नाकावर ती काचा बदलायची जड चौकट, आणि माया एकेक अक्षर वाचतेय, आश्चर्याने. दोन्ही डोळ्यांना अडीचचा नंबर. बाईंनी विचारलं, "जवळ जाऊन किती दिवसांपासून बघते?" म्हटलं, दीड वर्ष तरी. "मग तुम्ही काय केलंत?"

म्हटलं, टीव्ही बदलायला आलो होतो.

त्या हसल्या नाहीत, तेच जास्त लागलं. रूपेश म्हणाला, "बाई, ही क्वालिटीत होती." गप्प बस म्हणावं तर खरंच होतं ते. क्वालिटीत पहिल्या दिवशी पहिली गोष्ट काय शिकवतात? माल तपासायच्या आधी काटा तपासा. ज्याने मोजणार ते बरोबर आहे ना बघा. सहा वर्षं मी रोज सकाळी काटा तपासला. आणि इथे पंचवीस रकान्यांचा तक्ता केला, पॅनल तपासलं, पाय मोजले, रिमोटचे आकडे मोजले, पोपट सहन केला... आणि पोरगी पट्टीवर आडवी पडून मान ताणतेय तर मी तिला काय म्हणाले? लक्ष कुठे असतं तुझं. दीड वर्ष! माझं कुठे होतं, ते विचारा ना मला. शाळेतल्या बाईंच्या लाल प्रश्नचिन्हाचं उत्तर समोर मगरीसारखं पडलेलं होतं, आणि मी उजेड मोजत होते.

टीव्ही घेतला नाही. साधा टीव्हीसुद्धा नाही.

काल चष्मा आला. निळ्या काड्यांचा, तिनेच निवडला. मला वाटत होतं, माझाच निकाल आहे. सोफा ओट्याला टेकवून ठेवलेला, तिला त्यावर बसवलं, पट्टीच्या मागे, पाय खाली लटकत. रूपेश उभा, हाताची घडी घालून. समोर आमचा तोच म्हातारा, लग्नातला बत्तीस इंची, लावला. मी खाली गुडघ्यांवर बसून तिच्या तोंडाकडे बघतेय, आता म्हणेल, आई, किती छान दिसतंय. किंवा आई, थँक्यू. किंवा रागावली तरी चालेल, म्हणू दे, आई, तू का ओरडायचीस. जे म्हणेल ते ऐकायचं, ठरवलंच होतं मी.

तिने टीव्हीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं, जरा वेळ. मग खिडकीकडे, कॅलेंडरकडे, आणि मग हळूहळू मान वर केली, आणि वरच बघत राहिली, डोळे बारीक न करता.

"आई," ती म्हणाली, "पंख्यावर खरंच धूळ आहे गं. आजीला फोन लाव."